नाण्यांपुरते मरण

आमचे घरमालक जिवंत असताना एकदा मेले होते आणि त्या मरणाचा मी पंच होतो. हे मी ज्यांना ज्यांना सांगितले त्यांना मी गंमत करतो आहे असे वाटले. मी गंमत करणाऱ्यांतला नाही. माझी सगळी नोकरी एका सहकारी संस्थेत हिशेब तपासण्यात गेली. जे झाले तेच लिहितो.

सगळे त्यांना काकाजी म्हणत. भंडाऱ्यात त्यांचे पितळी भांड्यांचे दुकान होते आणि दुकानामागे भट्टी. लग्न झाल्यावर मी करडीहून बिऱ्हाड आणले ते त्यांच्या मागच्या दोन खोल्यांत. सामान लावून होत नाही तोच ते दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बाबू, मी गेल्यावर या खिडकीची फळी बदलून घेजा."

मी विचारले, "कुठे जाताय?"

"मराले. आणखी कुठं?"

तब्येतीने ते ठणठणीत होते. साठी ओलांडलेली, पण पाण्याने भरलेला हंडा एका हाताने उचलत. मरणाची त्यांना भीती नव्हती, हौसही नव्हती. एखाद्याने उन्हाळ्यात सिहोऱ्याला पाहुणा जायचे ठरवावे आणि मागे घरी कोण काय करील याचा विचार करावा, तेवढ्याच सहजपणे ते मरणाबद्दल बोलत. "मी गेल्यावर" हे शब्द त्यांच्या तोंडी दिवसभर असत. मी गेल्यावर हा पाट इथे नको. मी गेल्यावर दुकानाची पाटी रंगवा, आता रंगवू नका, मले आवडत नाही.

दुसरी सवय वजनाची. हातात येईल ती वस्तू ते तळहातावर घेऊन क्षणभर तोलत. वांगी, पोस्टातून आलेले पाकीट, माझी चप्पल. आमची मुलगी झाली तेव्हा बाळंतिणीच्या खोलीबाहेर त्यांनी तिला दोन्ही हातांवर घेतले, डोळे मिटले आणि तिचे वजन सांगितले. सुईणीने हसून पुन्हा तोलले. काकाजी बरोबर होते. आमच्या सासूबाईंना हे अजिबात आवडले नाही. लेकरू म्हणजे काय परात आहे का, असे त्या दोन दिवस म्हणत होत्या.

तिसरी सवय आवाजाची. त्यांच्या धोतराच्या कमरेला एक तांब्याचे जाड, ओबडधोबड नाणे खोचलेले असे. दुकानात नवे भांडे आले की ते नाणे काढून त्यावर टिचकी मारीत आणि कान लावीत. भांडे बरे घडले असेल तर म्हणत, "बोलते." नसेल तर नुसते परत सरकवीत. माणसांबद्दलही हाच शब्द. आमच्या संस्थेत नवे साहेब आले तेव्हा काकाजींनी मला विचारले, "कसा आहे? बोलते का?"

ते कमरेचे नाणे म्हणजे त्यांच्या संग्रहातले पहिले. त्याची गोष्ट त्यांनी मला इतक्या वेळा सांगितली आहे की आता मीच ते पाहिले होते असे वाटते. भंडाऱ्याच्या दुकानांत जुनी फुटकी भांडी लोक मोड म्हणून घालतात आणि नवी घेतात. त्या मोडीबरोबर गावोगावची जुनी तांब्याची नाणीही येत. नवे पैसे चालू झाले तेव्हा तर पोत्यांनी आली. चलन म्हणून ती बाद झाली होती, पण तांबे बाद होत नाही. काकाजींचे वडील ती सरळ मुशीत टाकायला लावीत. तांबे आणि जस्त, त्याचे पितळ, पितळेचा गुंड, म्हणजे पाण्याचा हंडा. एकदा काकाजी भट्टीपाशी बसले असताना ओतल्या जाणाऱ्या टोपलीतून एक नाणे घरंगळत त्यांच्या पायाशी आले. त्यावर एक फूल होते. त्यांनी ते उचलून कमरेला खोचले आणि त्या दिवसापासून टोपली मुशीत रिकामी व्हायच्या आधी त्यांच्या हाताखालून जाऊ लागली.

मी राहायला गेलो तेव्हा मोडीत जुनी नाणी येणे थांबले होते आणि सागवानी पेटीत चारशे एकाहत्तर नाणी होती. कमरेचे धरून. राणीछाप, भोकाचे पैसे, धेले, आणि नागपूरच्या राजाच्या वेळची जाड नाणी, ज्यांवरचा मजकूर अर्धाच उमटलेला असे. सगळी काळपट, काही हिरवट. सोन्याचांदीचे एकही नाही. सोने कोणी मोडीत घालत नाही.

काकाजींना काळजी होती ती एकच. ते गेले की पेटी उघडेल आणि नाणी भट्टीत जातील. ज्या टोपलीतून ती काढली त्याच टोपलीत परत. "मी त्यांले फक्त थांबवून ठेवलं आहे बाबू," ते म्हणत. "सोडवलं नाही."

त्यावर त्यांनी उपाय शोधले नाहीत असे नाही. देवळाच्या पंचांना विचारले. ते आनंदाने तयार झाले, कारण त्यांना मोठी घंटा करायची होती. बाहेरगावच्या एका संग्रहालयातले गृहस्थ येऊन पेटी बघून गेले. त्यांनी दहा-बारा नाणी बाजूला काढली आणि एवढी द्या म्हणाले. काकाजींनी ती दहा-बारा उचलून पुन्हा पेटीत घातली, गृहस्थांना चहा पाजला आणि स्टँडवर सोडून आले. घरी आलेल्या प्रत्येकाला ते विचारीत, "समजा मी गेलो अन् ही पेटी तुमच्या घरी आली. काय कराल?" पोस्टमनपासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांनी याची उत्तरे दिली आहेत. उत्तर ऐकून ते मान हलवीत आणि कमरेचे नाणे चाचपीत. त्यांच्या अर्थाने कोणीही बोलत नव्हते.

घरात दोन मुलगे होते. थोरला दुकान पाहायचा, धाकटा भट्टी. दोघांची लग्ने झालेली. काकाजींची पत्नी आधीच वारली होती. मुलांना विचारले की दोघेही म्हणत, "तुम्ही म्हणाल तसं, बाबूजी."

"हे उत्तर मी जिवंत आहो तोवरचं आहे," काकाजी मला म्हणाले. "मले मेल्यावरचं पायजे."

आणि एका पौर्णिमेला, सकाळचा चहा झाल्यावर, त्यांनी सगळ्यांना ओट्यावर बोलावले. मलाही. पेटीची किल्ली पाटावर ठेवली आणि म्हणाले, "आजपासून पुढच्या पौर्णिमेपर्यंत मी मेलो."

थोरल्याने विचारले, "म्हणजे?"

"म्हणजे या सिक्क्यांपुरता मेलो. जेवीन, दुकानात बसीन, देवळात जाईन. पण पेटीचं काही विचाराल तर मी नाही. मी गेल्यावर जे करणार होते ते करा. भट्टी तेवढी सोडून. भट्टीत टाकाचं असंन तर टाकू म्हणून सांगा, टाकू नका. हा बाबू पंच आहे. हा पाहीन अन् गप्प राहीन."

धाकट्याची बायको दारात उभी होती. ती सिहोऱ्याची, धानाच्या शेतकरी घरातली. पदर सावरत म्हणाली, "मामाजी, मंग आज तुमचा सैपाक करू का नको?"

"पोटापुरता जिवंत आहो."

"बरं झालं जी. भाजी चिरून ठेवली होती."

पहिले दोन-तीन दिवस कोणी पेटीला हात लावला नाही. मग थोरला मूठभर नाणी रुमालात बांधून नागपूरला गेला आणि इतवारीच्या बाजारातून भाव काढून आला. त्या पैशांत दुकानाला लोखंडी शटर बसेल, असे त्याचे म्हणणे. धाकट्याला विकणे पसंत नव्हते. त्याचे म्हणणे, आधी वाटणी करा, मग ज्याला जे करायचे ते करू दे. मला वाटले आता भांडण होणार. झाले नाही. दोघांनी दुकानातला मोठा तराजू आणला, ओट्यावर टांगला आणि नाणी दोन पारड्यांत ओतली.

काकाजी समोर आरामखुर्चीत होते. डोळे मिटलेले.

तांब्याची वाटणी वजनावरच होते हे त्या घरात कोणी कोणाला शिकवलेले नव्हते. कोणते नाणे कोणत्या राजाचे, कोणते एकुलते एक, हा विचार दोघांच्या मनात आलाच नाही. डावे पारडे किंचित खाली गेले. थोरल्याने त्यातले एक नाणे काढून उजव्यात टाकले. आता उजवे खाली. मग धाकट्याने भोकाचा एक हलका पैसा शोधून काढला, तो इकडून तिकडे केला आणि काटा मध्यावर आला. दोघांनी एकमेकांकडे पाहून मान डोलावली.

संध्याकाळी काकाजी माझ्याकडे आले. मला वाटले, तक्रार करतील.

"पाहिलं?" ते म्हणाले. "एका भोकाच्या पैशासाठी थांबले. कोणी कोणाले ठकवलं नाही. पोरं चांगली निघाली."

"पण नाणी?"

"मी मेलो आहो. सिक्क्यांबद्दल मले विचारू नको."

खरी परीक्षा पुढे होती. धाकट्याने आपला वाटा एका परातीत काढून स्वयंपाकघरात ठेवून दिला आणि विसरून गेला. दहा-बारा दिवसांनी मी दुपारी जेवायला घरी आलो तर मागच्या अंगणात विहिरीजवळ धाकटी सून बसलेली. समोर भिजवलेली चिंच, मीठ, नारळाच्या काथ्याचा बोळा. बाजूला पांढऱ्या पंच्यावर ओळीने नाणी वाळत घातलेली. निम्मी परात झाली होती. ती नाणी अशी चमकत होती की मी क्षणभर ओळखलीच नाहीत. नव्या कळशीसारखी लालभडक.

मला नाण्यांतले फारसे कळत नाही, पण एवढे ऐकले होते की जुन्या नाण्यावरचा काळपटपणा म्हणजे त्याचे वय, आणि तो घासून काढला की जाणकार त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीत. पंच या नात्याने मला बोलायची परवानगी नव्हती. मी बोललो नाही. आजही मला ते बरोबरच वाटते. नियम ठरवून घेतला की पाळायचा.

तेवढ्यात काकाजी हात धुवायला विहिरीवर आले.

"मामाजी, पाहा," ती म्हणाली. "भल्ले मळले होते जी. सकाळपासून घासून राहिली."

काकाजी उभे राहिले. हात पुढे आला आणि तिथेच थांबला. तोंड उघडले आणि मिटले. आयुष्यभर त्यांच्या घरात भांडे काळे दिसले की सुनांना बोलणी बसत. चिंच-मिठाने घासणे ही त्या घरातली पहिली शिकवण होती आणि ती त्यांनीच दिलेली. तिने हातातले नाणे पाण्यात बुचकळून वर धरले.

"हे दोन एकसारखे दिसतात, पण नाहीत. याचं फूल पाच पाकळ्याचं आहे, त्याचं सहा. कायले असं?"

काकाजींना उत्तर माहीत होते. त्यांच्या चेहऱ्यावर ते अगदी ओठांपर्यंत आलेले मला दिसत होते. ते वळले आणि हात न धुता आत गेले.

"बोलत नाही का जी?" ती मागून म्हणाली. "मेले असाल तर असा. मी काही अर्धी परात सोडून उठत नाही."

त्या दिवशी दुकानात न जाता ते माझ्या खोलीच्या पायरीवर बसून राहिले. मग म्हणाले, "बाबू, मेलेल्या माणसाले सारं सोपं आहे, फक्त रागावता येत नाही. मले माहीत नव्हतं हे."

मी म्हणालो, "जिवंत व्हा. आठ दिवसच तर उरले आहेत."

"नाही. खरा मेल्यावर कुठं उठणार आहो?"

पौर्णिमा आली. पुन्हा सगळे ओट्यावर. काकाजींनी तिघांना एकच प्रश्न केला, जे केले ते काहून केले. थोरल्याने शटरचे सांगितले. धाकट्याने वाटणीचे. दोघांची उत्तरे सरळ होती आणि काकाजींनी दोघांनाही नाव ठेवले नाही. मग सुनेकडे पाहिले.

"तुम्ही गेल्यावर तेरवीले लोक येतीन," ती म्हणाली. "मामाजींनी जन्मभर काय जमवलं ते पाहाले मागतीन. त्यांच्यापुढं मळलेले कसे ठेवू? तुमचंच नाव जाईन."

काकाजींनी कमरेचे नाणे काढून तळहातावर घेतले. तोलले. आणि हसायला लागले. मी त्यांना इतके हसताना पहिल्यांदा पाहिले.

"सगळ्या भंडाऱ्याले विचारलं मी," ते म्हणाले. "घंटा झाली, शटर झालं. ते लोकांपुढं मांडाचे, हे कोणालेच नाही सुचलं." मग तिच्यासमोर किल्ली ठेवली. "हे मळलेले नव्हते, बाई. जुने होते. मळ वेगळा अन् जुनेपण वेगळं. ते मी शिकवीन तुले. बाकीचं तुले येते."

थोरला म्हणाला, "घरची चीज सुनेच्या हाती, बाबूजी?"

"तुह्याच हाती होती. तू इतवारीत नेली."

"मंग घासलेल्याचं काय? त्याचा तर आता भावच गेला."

"चांगलं झालं. आता कोणी विकणार नाही."

हे ते मनापासून म्हणाले. दुसऱ्या दिवशीपासून दुपारच्या जेवणानंतर सासरा आणि सून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पेटी घेऊन बसू लागले. पाच पाकळ्या कायले आणि सहा कायले, हे तिला पहिल्याच दिवशी कळले. ठसा झिजला की नवा कोरीत, कोरणाऱ्याचा हात बदलला की फूल बदले. काही दिवसांनी तीच काकाजींना सांगू लागली. "हा तुम्ही चुकीच्या कप्प्यात ठेवला जी." "दाखव." "पाहा." "हो, चुकला." घासलेली नाणी तिने वेगळ्या कप्प्यात ठेवली आणि तो कप्पा सर्वांत वर ठेवला. मी कारण विचारले तर म्हणाली, "मले दिसले पायजे जी, रोज."

मला पंचपदावरून मोकळे केले नाही. मी गेल्यावर तेरवीला तू मोजायचे आणि सर्वांसमोर पुरी आहेत म्हणून सांगायचे, एवढे काम काकाजींनी माझ्याकडे ठेवले. मी हो म्हटले. पुढे माझे स्वतःचे घर झाले, आम्ही गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेलो, पण जाणे-येणे सुटले नाही. काकाजी नंतरही बरीच वर्षे जगले. "मी गेल्यावर" मात्र त्यांच्या बोलण्यातून हळूहळू कमी झाले. मी एकदा ते बोलून दाखवले तर म्हणाले, "एकदा जाऊन आलो ना."

खरे मरण आले तेव्हा त्यांना त्रास झाला नाही. सकाळी दुकानात भांड्यावर टिचकी मारली, कान लावला आणि तिथेच कलंडले. वैनगंगेवर अग्नी दिला. गर्दी पुष्कळ होती.

तेरवीला मी ठरल्याप्रमाणे लवकर गेलो. ओट्यावर पांढरे कापड अंथरले होते आणि त्यावर सगळी नाणी मांडलेली. काळी, हिरवट, जशी होती तशी. एका बाजूला घासलेली. लोक येत, वाकून पाहत, आणि सून प्रत्येकाला सांगत होती, कोणते कोणाच्या गावच्या मोडीतून आले. मोहाडीकडचा एक म्हातारा एका धेल्यापाशी बराच वेळ बसला, कारण त्याच्या गावचे नाव तिने घेतले होते.

मी मोजायला बसलो. चारशे सत्तर.

पुन्हा मोजली. चारशे सत्तर. माझा मोजण्यात हात बसलेला आहे, तरी तिसऱ्यांदा मोजली, या वेळी दुसऱ्या टोकाकडून. एक कमी. दोन्ही मुलगे शेजारीच उभे होते. इतक्या वर्षांनंतर, याच दिवशी, सर्वांसमोर हे सांगायचे माझ्या जिवावर आले. मग लक्षात आले की कमरेचे नाणे त्यात नाही.

"वहिनी," मी हळूच म्हणालो, "कमरेचं?"

ती हसली. डोळे ओले होते, पण हसली. "किती वेळा मोजले, भाऊ?"

"तीन."

"मामाजी म्हणे, पंचाले आधी सांगू नको. तीनदा मोजल्याशिवाय तो विचारणार नाही."

ती आत गेली आणि पळसाच्या पानावर काहीतरी घेऊन आली. "त्यांच्या मुठीत ठेवलं होतं मी. त्यांनीच सांगितलं होतं. एकदा आगीतून वाचलं, पुन्हा वाचते का पाहू म्हणे. मले भेव नव्हतं. चितेच्या आगीनं तांबं वितळत नाही, त्याले भाता लागते. हे या भट्टीच्या घरात लेकरालेही माहीत आहे." तिने थोरल्याकडे मान केली. "राख सावडताना यांनी शोधलं. सारी राख बोटांनी चाळली."

थोरला दुसरीकडे पाहत उभा होता.

पानावरचे नाणे कोळशासारखे काळे झाले होते. कडेला राख चिकटलेली. फूल दिसते का ते पाहावे म्हणून मी खिशातून रुमाल काढला.

"पुसू नका, भाऊ," ती म्हणाली. "मळलेलं नाही ते."

मी रुमाल परत ठेवला. तिने नाणे कापडावर पहिल्या ओळीत पहिल्या जागी ठेवले, आणि मी उठून सर्वांना सांगितले की पुरी आहेत.